मरळीच्या टाकीतलं पाणी

दोन्ही बरण्यांत तळ्याचा तोच चिखल होता, त्यात पाणपिसवांची, म्हणजे तळ्यातल्या इवल्या उड्या मारणाऱ्या जिवांची, सुप्त अंडी. पहिलीत पिल्लं टुणटुण उडत होती, दुसरीत सामसूम. "ही मेली वाटतं," शाल्मली हिरमुसून म्हणाली.

जीवशास्त्राच्या मॅडमनी बरणी हुंगली. "पाणी कुठलं घातलंस?"

"दुसरी भरताना नळाला पाणी नव्हतं, म्हणून मरळ माशाच्या टाकीतलं घेतलं. पण मासा नाही आला त्यात!"

"वास आला ना! मासा गिळेल या भीतीने अंडी फुटायचीच थांबलीत. मेलेली नाहीत गं. पाणी बदल."

संध्याकाळी ती ताईकडे गेली. भाऊजी वारले त्याला वर्ष होत आलं, तरी ताई कुजबुजतच बोलायची. "आता कोण आहे तुझ्यावर डाफरायला?" म्हणून शाल्मली नेहमी चिडायची. आज चिडली नाही. समोर भाऊजींची आरामखुर्ची तशीच होती, तंबाखूच्या वासासकट.

"ताई, ही खाली नेऊन टाकूया?"

ताईने उठून एक बाजू धरली. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली.

"अगं, तिरकी घे, तिरकी!" ताई एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की खालच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.