लॉकरची किल्ली

मैथिली जर्मनीतल्या कोलोनच्या एका आइस हॉकी संघात सामन्यांचे व्हिडिओ तपासायची. घरी निघताना सवयीने मराठीतच “येते” म्हणायची. “निघालीस, मग ‘येते’ कसं?” अर्थ कळल्यावर गोलकीपर लेनार्टने एकदा विचारलं. “आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. परत यायचं असतं ना!” तेव्हापासून तोही रोज “येतो” म्हणू लागला. यंदा संघ नव्याने बांधायचं ठरलं. हंगामापूर्वीचे सराव सामने संघ हरत गेला. जिंकला तो एकच, लेनार्टने गोल अडवले म्हणून. आज कोचने त्याला केबिनमध्ये बोलावलं. “हे बघ, आम्हाला तरुण गोलकीपर हवाय.” पॅड बॅगेत भरून लेनार्ट मैथिलीच्या दारात आला. कोचला दाखवायला ती त्या जिंकलेल्या सामन्याची क्लिप कापत होती. “जातो,” तो म्हणाला. “चुकलास. ‘येतो’ म्हणायचं,” ती स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाली. “माहीत आहे,” म्हणत त्याने लॉकरची किल्ली तिच्या कीबोर्डवर ठेवली.