लिफ्टचा हादरा

अतिपातळ थरातला कण दुसऱ्या कणाभोवती फिरून जागेवर आला, तरी मारलेली फेरी विसरत नाही. प्रयोगाच्या आलेखातली उडी ही त्याचीच खूण, असं सरांची विद्यार्थिनी तीन वर्षं परोपरीने सांगत होती. “खूण कसली? लिफ्टचा हादरा तो,” सर उडवून लावायचे. म्हणून आज तिने रखवालदारकाकांना गळ घालून लिफ्टच बंद करायला लावली. पडद्यावर रेघ सपाट सरकत राहिली, आणि टुणकन उडी! अगदी तेवढीच! तिने कागद छापला, तोच दारात सर, पाच मजले चढून घामाघूम, गुडघा धरून. “लिफ्ट कुणी बंद केली?” तिने कागद पुढे केला. सर चष्मा पुसून बघत राहिले, मग मटकन स्टुलावर बसले. “चालू करायला सांगते, सर.” “खबरदार! महिनाभर बंदच राहू दे. माझी गादी इथेच टाक.”