हेमांगीच्या घरची भिशी

"हॉटेल रद्द. यावेळची भिशी माझ्याच घरी," हेमांगीने मैत्रिणींना फोनवर सांगून टाकलं आणि कोणी कारण विचारायच्या आत फोन ठेवला. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून ती किराणाही हात आखडून भरत होती. आपल्या पाळीला सगळ्यांना हॉटेलात जेवू घालणं आता झेपणारं नव्हतं.

दुपारी चौघीजणी आल्या. हेमांगीने खाली मान घालून पानं वाढली. कुळथाची पिठी, मऊ भात, भाजलेला पापड आणि लोणचं. चौघींनी आधी पानाकडे, मग एकमेकींकडे पाहिलं. संपलं, तिला वाटलं, आता आपल्याला कोणी बोलवायचं नाही.

"अजून आहे का गं पिठी?" डॉक्टरांची बायको शर्वरी वाटी पुढे करत म्हणाली. "आणि खरं सांगू? पुढच्या महिन्यात मीही घरीच करणार. कर्ज काढून नवा दवाखाना बांधल्यापासून हॉटेलचं बिल मलाही जड जातं. पण आधी बोलायचं कोणी?"

"मी बोलणारच होते!" शर्वरीशेजारची म्हणाली.

"मीसुद्धा!"

हेमांगी हसत पिठी आणायला आत गेली. "येताना भातही आण गं!" बाहेरून हाक आली. तिने भाताचं पातेलंच उचललं आणि सोबत स्वतःचंही ताट घेतलं. कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.