कागदावर साठ

आलेखावरच्या सगळ्या रेघा एकाच ठिकाणी मोडत होत्या. कंट्रोलरने पट्टी लावून पुन्हा पाहिलं. तिचा इथला तिसराच दिवस होता. सकाळपासून गेलेल्या कंपनीच्या पाचही मालगाड्या एक्केचाळिसाव्या किलोमीटरपाशी मंदावल्या होत्या आणि पुढच्या स्टेशनात चार मिनिटं उशिरा पोचल्या होत्या. उशिराच्या कारणाच्या रकान्यात पाचही वेळा एकच शब्द होता: नेहमीचं.

“साहेब, एक्केचाळीसला काय आहे?”

“वळण,” मुख्य कंट्रोलर म्हणाले. “रूळ झिजलाय तिथला. आपले ड्रायव्हर चार किलोमीटर तिसाने काढतात. जुना नव्याला पहिल्याच फेरीत सांगतो.”

“पण वेगाच्या तक्त्यात साठ लिहिलंय.”

“लिहिलंय.”

अकरा चौदाला पाहुणी, म्हणजे बाहेरची मालगाडी, निघाली होती. कंपनीने हा मार्ग स्वतःच्या खाणीसाठी बांधला होता. आता सरकारी हुकमाने तो इतरांनाही भाड्याने द्यावा लागत होता, आणि दुसऱ्या कंपनीची ही पहिलीच गाडी. तिच्या ड्रायव्हरला सांगणारा जुना कुणी नव्हता. त्याच्या हातात फक्त तक्ता होता.

अकरा एकोणीस. तीन मिनिटांत गाडी खिंडीत शिरणार. खिंडीत रेडिओ चालत नाही. खिंड संपली की वळण.

तिने माइककडे हात नेला. साहेबांनी तो आधीच झाकला.

“थांब. साठ धरून भाडं ठरलंय. तीस म्हटलंस की दिवसाला मावणाऱ्या गाड्या कमी, भाडं कमी, वर खोटं लिहिल्याची चौकशी. इथलं सगळं रेकॉर्ड होतं.”

“मग वर फोन लावा कुणाला तरी!”

“वरचे फोन उचलेपर्यंत माझी रिटायरमेंट येईल,” ते हसायला गेले. हसू आलं नाही. तिने त्यांच्या हाताखालून माइक ओढून घेतला. बटण दाबताच रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

“पाहुणी, कंट्रोल बोलतेय. एक्केचाळीस ते पंचेचाळीस तिसाने या.”

“नमस्कार ताई!” ड्रायव्हरचा आवाज खुशीत होता. “तक्त्यात तर साठ आहे. काही बिघाड?”

“नाही. पण तीसच.”

“झालं का सुरू? आमच्या साहेबांनी सकाळीच बजावलंय, मालक लोक मुद्दाम रखडवतील, ऐकू नकोस. उशीर झाला की दंड आम्हाला. लेखी द्या ताई, मग बघू.”

अकरा एकवीस. त्याला पटेल असं एकच वाक्य उरलं होतं. साहेब मान हलवत होते, नको, नको.

“दादा, आमच्या गाड्यासुद्धा तिथं तिसानेच जातात. रोज. रूळ झिजलाय. तक्ता खोटा आहे.”

खरखर झाली आणि थांबली. खिंड. त्याने वाक्य पुरतं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

अकरा एकतीस. साठाने आला असता तर पुढच्या स्टेशनाचा फोन आता वाजला असता. वाजला नाही. तिला अर्धा श्वास बरं वाटलं, आणि मग घाम फुटला. वळणावरून खाली गेलेली गाडीही वेळेवर पोचत नाही. उशीर आणि अपघात, इथून दोन्ही सारखेच दिसतात.

बत्तीस. साहेब उठले, पुन्हा बसले.

तेहतीस. “मी एकदा लिहिलं होतं वर,” ते म्हणाले. “तेव्हा...”

चौतीस. तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक आलेखावर मोडलं.

पस्तीस सरत आलं तेव्हा फोन वाजला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“आली बरं का तुमची पाहुणी,” पलीकडून स्टेशन मास्तर म्हणाले. “चार मिनिटं लेट. कारण काय टाकू? नेहमीचंच?”

तिने साहेबांकडे पाहिलं. तेवढ्यात रेडिओ खरखरला. पहिल्या स्टेशनातून नवाच आवाज आला, कोवळा, घाईतला.

“कंट्रोल, दुसरी पाहुणी. सिग्नल मिळालाय, निघतोय. पहिलीच फेरी आहे माझी. तक्त्याप्रमाणे साठ, बरोबर ना?”

या वेळी माइक साहेबांनी उचलला. अंगठा बटणावर ठेवला.

लाल दिवा अजून लागला नव्हता.