कोचीचं हॉटेल

"खोबरेल तेलात मासे?" कुसुमबाईंचा हात झाऱ्यासकट तसाच थांबला. "म्हंजी डोक्याला लावायच्या तेलात?"

"त्याच, वहिनी. पहिल्या घासाला वाटतं, कुठं येऊन पडलो! दुसऱ्या घासाला माणूस बोलायचंच विसरतं," चंद्रभान म्हणाला.

पूर्णा गावातल्या घरी येलदरी धरणातली रहू तळली जात होती आणि गप्पा चालल्या होत्या समुद्राच्या. कुसुमबाईंचे यजमान लिंबाजी आणि चंद्रभान, दोघं अकरा वर्षं एकाच मालवाहू जहाजावर होते. लिंबाजी खाली इंजिनात, चंद्रभान वर डेकवर. जहाज बंदराला लागलं की डेकवाल्यांना मोकळीक मिळे. इंजिनवाल्यांचं काम मात्र तेव्हाच निघे. चालत्या इंजिनाला हात कोण लावणार? म्हणून लिंबाजीने बंदरं पाहिली ती लांबून, आणि चाखली ती चंद्रभानने आणलेल्या ताटांतून.

आणि काय काय आणलं होतं गड्यानं! कोलंबोची काळीकुट्ट आंबट मच्छी. चितगावचा हिलसा मासा. मोंबासाला तर नारळाच्या दुधात शिजवलेला आठ पायांचा ऑक्टोपस!

"मी परभणीचा माणूस," लिंबाजी म्हणाला. "ज्वारीच्या पल्याड काय ठाऊक होतं? दुनिया केवढी हाय, ते मला ताटात दिसलं बघ. अंगावर काटा यायचा."

सांगतानाही त्याच्या हातावर काटा उभा राहिला होता.

सगळ्यांत कोचीची मासळी त्याच्या जिभेवरून जात नव्हती. पुढच्या महिन्यात त्याचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी एकदा कोचीच्या हॉटेलात चंद्रभानच्या शेजारी बसून जेवायचं, एवढी एकच हौस त्याला उरली होती.

"सोमवारी निघू. चल की."

"गुडघे कुठं साथ द्यायलेत, लिंबा?"

"मी धरतो तुला."

"हॉटेल बंद पडलं असंल रे आता."

"नाव तरी सांगा, भाऊजी. फोनवर हुडकू," कुसुमबाई म्हणाल्या.

"मल्याळी पाटी, वहिनी. कोणाला वाचता येतंय? पण कालवण कसं करायचं ते सांगतो. ते काळं आंबट फळ आधी भिजत घालायचं. मग मिरची वाटायची, पण बारीक न्हाई..."

"अगं बाई! हॉटेलवाल्याच्या चुलीपाशीच बसला होता जणू!" कुसुमबाई हसल्या. त्यांनी ताटं मांडली. "आणि एवढ्या लांबून आणलेलं गरम कसं राहायचं हो?"

"पळत यायचो."

चंद्रभानने ताट पुढं ओढलं. लिंबाजीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ऑपरेशनातून उठलो न्हाई तर, चंद्रभान? आता तरी न्हाई म्हणू नको."

चंद्रभानचे डोळे भरून आले.

"लिंबा, तुझ्या गळ्याशपथ, मला रस्ता आठवत न्हाई. तिथं नेऊन तुझी फजिती व्हायची."

"आठवंल कसा?" लिंबाजी म्हणाला. "होडीवाल्यांकडनं मासळी घेऊन तू जहाजाच्या भटारखान्यात घातलेल्या फोडणीचा वास खाली इंजिनात यायचा, येड्या. मला उतरता येत न्हाई म्हणून अकरा वर्सांत तूबी एका बंदरात पाय ठेवला न्हाईस. म्हणून तर दोघांनी जायचं म्हणतो."