लेखिकेचा शिक्का

शिनोची कादंबरी छापून आली. तिने शेवटचं पान उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली! नवऱ्याला सोडून गेलेली तिची नायिका चक्क परत येऊन त्याच्यापुढे डोकं टेकत होती.

"मीच बदलून दिला शेवट," नवरा म्हणाला. "काय खपतं ते तुला कुठे कळतंय?"

"झकास झालाय हं, वहिनी!" प्रकाशक मुनाकाता हसले. "आता तेवढा प्रत्येक प्रतीवर लेखिकेचा शिक्का उमटवा. त्याशिवाय एकही प्रत विकता यायची नाही."

"ऐकलंस ना? चहा टाक. आणि येताना तुझा तो शिक्का आण."

शिनोने गुडघे टेकून दोघांपुढे वाफाळते पेले ठेवले.

"अगं, शिक्का कुठाय?"

"लाकडीच होता ना, मस्त पेटला! घ्या भावजी, त्याच्यावरच केलाय चहा."