ल्यूबेनची रेघ

लेकीनं घरच्या कॉम्प्युटरवर माहिती साठवायचा नवा प्रोग्राम घालून दिला होता आणि दोन्का दुपारची पहिला धडा गिरवत बसली होती. माणसांच्या चौकटी काढायच्या, घरांच्या काढायच्या आणि जो जिथं राहतो तिथवर माउसनं रेघ ओढायची, एवढंच.

तिची रेघ त्यांच्या घराला नीट जोडली गेली. नवऱ्याची, ल्यूबेनची रेघ मात्र घसरली आणि कोपऱ्यातल्या एका बिननावाच्या चौकटीला जाऊन चिकटली. ती चौकट दोन्कानं काढलीच नव्हती.

तिनं ती पुसली. ती परत आली. या खेपेला आत नावं होती: ल्यूबेनची आई, त्याचा थोरला भाऊ. दोघंही केव्हाच गेलेली.

"अरे ल्यूबेन, इकडं ये जरा!"

तो बाल्कनीत मिरच्या भाजत होता. "काय गं, पहिल्याच दिवशी मोडलंस का?" म्हणत हसत आला. पडद्यावरची नावं बघून त्याचं हसू विरलं. मग त्यानं हात धुतले आणि ठेवणीतले बूट घातले.

दोन्कानं घाईघाईनं त्याची ती रेघ पुसली. या खेपेला ती पुसली गेली, परत आली नाही.

"कुठं निघालास? मिरच्या जळतायत!"

"बोलावलंय. जाऊन येतो." दाराशी तो थबकला. "ती रेघ तेवढी पुसू नकोस हं. परत यायला दुसरी वाट नाही."

दोन्का माउस ओढत राहिली. रेघ काही उमटेना. जिन्यावरून बुटांचा आवाज खाली खाली जात होता.